रुंद पट्टी

आशाताई म्हणून गावातल्या बायकांना घेऊन मी दवाखान्यात जाते, तेव्हा मलमपट्टी करणारे ड्रेसरभाऊ भेटतातच. त्यांचं बोलणं पट्टी उलगडावी तसं सावकाश. जखम पुसता पुसता विचारतात, "कोन्या कुशीवर झोपता जी?" आणि गाठ दुसऱ्या बाजूला मारतात. मुरगळलेल्या घोट्याला ताणाची पट्टी, खरचटल्यावर चिकटपट्टी, मोडक्या हाताला गळ्यातली झोळी. उगाच वीतभर कापड वाया घालवणार नाहीत.

म्हणून धानकापणीत मला नवल वाटलं. एका सुनेच्या बोटाला विळा जरासा लागला होता. भाऊंनी तळव्यापासून कोपरापर्यंत रुंद पट्टी गुंडाळली, वर हात झोळीत अडकवला. सोबतच्या सासूला बजावलं, "मी पट्टी सोडेपर्यंत हात पान्यात घालू देऊ नका."

त्या दोघी गेल्यावर मी विचारलं, "एवढ्याशा जखमेले एवढी पट्टी काऊन जी, भाऊ?"

"बसल्या बसल्या पेंगून राहिली होती ते, पाह्यलं नाही का? लहान पट्टी घरच्याइले दिसत नाही, ताई."

परवा विळीवर भाजी चिरताना माझंच बोट कापलं. "चिकटपट्टी लावा फक्त," मी म्हटलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. चिकटपट्टीचा डबा बंद केला आणि रुंद पट्टी हातात घेतली.

मी नको म्हटलं नाही. डाव्या कुशीवर झोपते, एवढंच सांगितलं.