थर्मनचं दार

न्हायले आहे, केस ओलेच आहेत. ओल्या केसांनी झोपू नये हे आई जन्मभर सांगत आली, पण दुपारचं जेवण अंगावर येतंच. कादंबरीचं शेवटचं पान उशीपाशी पालथं पडलंय. एवढं मराठीत आलं की मी सुटले. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. स्वयंपाकघरात कुणीतरी गॅस पेटवतं.

दुपारी घरात मी एकटीच असते, म्हणून उठून बघायला जाते. ओट्यापाशी स्टुलावर आर्डेला प्रुइट बसली आहे. ही माझी लेखिका. जॉर्जियातल्या कापसाच्या गावात जन्मलेली काळी मुलगी, एक कादंबरी, कवितांची दोन पुस्तकं, मग डेट्रॉइटच्या शाळेत मास्तरकी आणि शेवटी वृद्धाश्रमातल्या खोलीत मरण. तिला जाऊन काही वर्षं झाली. पुस्तकावरच्या फोटोत हसते तशी आत्ता हसत नाही.

"बस अशी पुढ्यात. केस कुणी असे मोकळे सोडतं?"

मी जमिनीवर बसते. ती कंगवा घालते. मराठीत बोलते, आणि तेही माझ्या भाषांतरातल्या मराठीत, जरा पुस्तकी. ऐकून मलाच ओशाळल्यासारखं होतं.

"कुठवर आलीस?"

"शेवटचं पान. डॉक्टर दार उघडतो ते."

कंगवा थांबतो.

त्या पानावरच तर पुस्तक गाजलं. गोऱ्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर काळी आई आजारी पोराला, थर्मनला, घेऊन बसलेली असते. काळ्यांना आत घेत नाहीत. शेवटी एका डॉक्टरला पाझर फुटतो, तो दार उघडतो आणि पोरगं वाचतं. तिकडे शाळेत मुलांना हे पान वाचायला देतात. मीही दोनदा रडले आहे.

"उघडलं नव्हतं," ती म्हणते.

मी बसले आहे ती फरशी आता पायरी आहे. समोर पांढरं दार. पायरीवर एक बाई, तिच्या मांडीवर निळ्या शर्टातला मुलगा.

"आई," आर्डेला ओळख करून देते, लग्नात पाहुण्यांची करून देतात तशी. "आणि हा माझा भाऊ. दहा वर्षांचा होता. पोटात आतून काहीतरी फुटलं होतं. दुपारपासून आम्ही दार वाजवत होतो. दाराच्या फटीतून बूट दिसत होते. माणूस आत उभा राहून ऐकत होता."

"मग?"

"मग दिवस मावळला. त्यानं आत दिवा लावला."

मुलाचा हात पायरीवरून खाली लोंबतो आहे. मला तिकडे बघवत नाही.

"पुस्तकात मग असं का लिहिलंत?"

"छापणारा म्हणाला, मेलेलं पोर कोण विकत घेणार? माझं पहिलंच पुस्तक. दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं. दिलं उघडून दार." तिची बोटं माझ्या कानामागे वेणी घालायला लागतात, घट्ट, कातड्याला लागून. "आणि नाव त्याचंच ठेवलं. निदान तेवढं तरी बदलायला हवं होतं."

"नावानं काय होतं?"

"तो आलाच नाही, पोरी. मी मेले, तिकडे आई भेटली. पहिलंच विचारलं तिनं, थर्मन कुठं आहे? इकडे जो तो ते पान वाचतो, दार उघडतं आणि डॉक्टर त्याला आत घेऊन जातो. मग आमच्याकडे तो यायचा कसा?"

कादंबरी आल्यावर जन्मभर तिनं कवितांमधून ते दार बंद ठेवून पाहिलं. तेवढ्याच कविता साभार परत यायच्या. सगळ्यांना पुन्हा तो डॉक्टरच हवा असायचा.

"एका भाषेत तरी मरू दे त्याला," ती म्हणते.

मला राग येतो. "मी भाषांतर करते. मूळ बदलत नाही. लेखकाची परवानगी लागते."

"मग इथं कोण बसलंय?"

"फ्रेंचवालीला सांगायचंत."

"सांगितलं. ती किंचाळून जागी झाली." वेणीचा पेड ओढून घेत म्हणते, "पोर मारायचं काम तुझ्यावर टाकते आहे. कळतं मला."

पायऱ्या खाली उतरत पाण्यात जातात. हा कराडचा घाट आहे, बाबांच्या दहाव्याचा. तेव्हाही पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. काका म्हणाले होते, "काहीतरी राहिलंय त्याचं. शब्द दे." आईला मी सांभाळीन असं मी मोठ्यानं म्हटलं आणि कावळा खाली उतरला. आताही पिंड आहे. थर्मनशेजारी ठेवलाय. कावळा कठड्यावर बसून बघतो, पण येत नाही. आर्डेलाला ही रीत माहीत नाही. तिची आई मात्र माझ्याकडे बघत राहते, जसं काही तिला सगळं कळतं.

जिवंत पोराला मी मारू कशी? पण त्याची आई वाट बघते आहे.

मी हात जोडते. "दार उघडणार नाही," मी म्हणते. "मी शब्द देते."

पंख वाजतात. ती बाई वाकते आणि पोराच्या कपाळावर तोंड टेकते. आर्डेला त्याच्या शर्टाच्या शिवणीतून एक दोरा ओढते आणि माझ्या वेणीचं टोक बांधते.

उन्हं भिंतीवरून खाली आली आहेत. गॅस बंद आहे. उशी ओली आहे. खिडकीत कावळा बिवळा काही नाही. केस मोकळेच आहेत, वाळलेत. फक्त उजव्या कानामागे हात गेला आणि दुखलं. एक बारीक वेणी, कातड्याला घट्ट चिकटलेली. असली वेणी मला घालता येत नाही. टोकाला निळा दोरा आहे.

सोडवत नाही. पालथं पान सुलटं करते. इंग्रजीत डॉक्टर अजून कडीला हात घालतोच आहे. रडू येतं, तरी लिहिते: दिवस मावळला. आत कुणीतरी दिवा लावला. दार उघडलं नाही.

नाव मी थर्मनच ठेवते.