दादाची पोटरी

आमचा दादा शिंपी. तीस वर्षं त्याने पायमशीन मारली. दुकानात गिऱ्हाईक असो वा नसो, त्याचा पाय हलायचाच. जेवतानासुद्धा टेबलाखाली पाय चालू. वहिनी म्हणायची, "अहो, ताटाला शिलाई घालताय का?"

मी मालिशवाला. माझ्या हाताला गुण आहे असं लोक म्हणतात. लोक म्हणतात आणि आपण खरं धरून चालतो, तशातला मी.

कपाटावरचा कापडाचा तागा काढताना दादा शिडीवरून पडला आणि घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. जन्मात पहिल्यांदा तो पाय गप्प बसला. प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी सुजलेली, गरम. वहिनी म्हणाली, "डॉक्टरांना दाखवून येऊ या." मी हसलो. घरात मी असताना डॉक्टर कशाला?

तीन दिवस मी ती पोटरी कणकेसारखी मळली. "दुखतंय रे," दादा म्हणायचा. "दुखतंय म्हणजे मोकळं होतंय," मी म्हणायचो. हे वाक्य मी हजार जणांना ऐकवलं असेल.

चौथ्या दिवशी सकाळी त्याला धाप लागली, छातीत कळ आली. मी त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "पाय सुजला होता? चोळलाबिळला होता कुणी?" त्याचं बोलणं संपायच्या आत मी 'नाही' म्हणालो. त्याने दादाकडे पाहिलं. दादानेही मान हलवून नाही म्हटलं. पायजमा ढगळ होता, पाय कुणी पाहिलाच नाही. छातीचं औषध घेऊन आम्ही परतलो. संध्याकाळी दादा न्हाणीघराच्या दारात कोसळला.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी पायजमा वर केला. मग चादरीवर बोटाने रेघ ओढत मला समजावलं. "हृदय रक्त खाली ढकलतं, पण वर चढवायला पोटरी लागते. माणूस चालला की पोटरी शिरा पिळते, रक्त वर सरकतं, शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. पाय नुसता पडून राहिला की रक्त साचतं, गोठतं. ती गुठळी सुटली की हृदयात, तिथून फुप्फुसात. आता ही सुटली कशी, देव जाणे."

देवाला कशाला मध्ये घ्यायचं? मी समोरच उभा होतो.

दादा वाचला, पण दम अर्धा राहिला. पायमशीन सुटली. एक जिना चढला की भिंत धरतो. वहिनी उठताबसता म्हणते, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून निभावलं." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

महिन्याभराने, वहिनी बाहेर गेलेली पाहून, मी त्याच्या खाटेपाशी बसलो आणि सगळं ओकून टाकलं. "मी खरं बोललो असतो तर सकाळीच उपचार झाले असते. माझ्यामुळे झालं, दादा."

तो थोडा वेळ श्वास जुळवत राहिला.

"चोळल्यानंतरच धाप सुरू झाली, हे मला त्या डॉक्टरने विचारलं तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला.

"मग तू 'नाही' का म्हणालास?"

"तू आधीच नाही म्हणून बसला होतास. चारचौघांत तुला खोटं कसं पाडू?"