गुलाबी झाडाच्या फांद्या

माझ्या मुलीच्या हिशेबात सुट्टी म्हणजे काहीतरी बुक करणं. नुसतं गॅलरीत बसून, चहा पीत, खालच्या रस्त्यावरची कुत्री बघत दिवस घालवला तर तिला तो वाया गेल्यासारखा वाटतो. मी सांगलीहून तिच्याकडे बंगळूरला पोचले त्याच दिवशी तिनं जाहीर केलं, "आई, संडेला तुला एक सरप्राइज आहे. काही विचारू नकोस." सरप्राइज या प्रकाराचा मला मुळातच राग आहे. मी जन्मभर मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. कुठलीही गोष्ट मला आधी सांगितलेली बरी असते, तयारीनं जाता येतं. आणि त्या दिवसांत तर मला साध्या साध्या गोष्टींचीही तयारी करावी लागत होती.

माझा उजवा हात थरथरायला लागला होता.

सुरुवात अंगठ्यापासून झाली. नुसती बसलेली असले की अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरत राहायची, कापूस नसताना वात वळत बसल्यासारखं. मग सही बारीक होत गेली. मग पेन्सिल टेकवली की रेघ थरथरायला लागली. सांगलीतल्या डॉक्टरांनी मला खोलीत चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि शांतपणे सांगितलं की हा कंपवात आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जाणार नाही. मी विचारलं, "चित्रं काढता येतील ना?" ते म्हणाले, "काढत राहा." माझ्या डोळ्यांकडे न बघता म्हणाले, त्यावरून काय ते मी समजले.

मुलीला हे कळू द्यायचं नाही, असं मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. तिला कंपनी जर्मनीला पाठवणार होती, काही वर्षांसाठी. अशी संधी तिला पूर्वीही एकदा आली होती; तेव्हा बाबांचं आजारपण निघालं आणि तिनं सरळ नाही म्हणून सांगितलं. आम्हाला ते पुष्कळ उशिरा कळलं, तेही दुसऱ्याकडून. आता पुन्हा तिचा नंबर लागला होता. एचएसआर लेआउटमधल्या तिच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एक नवीकोरी, भली मोठी बॅग उघडी पडलेली होती. तिच्यात जाड कोट, लोकरीचे मोजे, मेतकुटाची पाकिटं असं काय काय रचून ठेवलेलं. येताजाता ती बॅग पायात येई आणि मला बरं वाटे. माझा हात एकदा तिच्या नजरेला पडला की ती बॅग रिकामी होणार, हे मला पक्कं माहीत होतं.

म्हणून मी आठवडाभर सोंग वठवलं. कपबशी टाळून स्टीलच्या पेल्यातून चहा घेतला, तोही अर्धाच. ती उठायच्या आत भाजी चिरून ठेवली. टीव्ही बघताना उजवा हात मांडीखाली घातला. एकदा तिनं विचारलं, "हाताला काय झालंय ग?" मी म्हटलं, "शीर आखडलीय." तिनं लगेच कुठलंसं मलम मागवलं, ते दहा मिनिटांत दारात आलं, आणि मी गुपचूप ते चोळून घेतलं. आईला लेकीला फसवणं किती सहज जमतं, याचं माझं मलाच वाईट वाटायचं.

रविवारी दुपारी तिनं मला जिना चढवून एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर नेलं. आत लांब टेबलं, त्यावर छोट्या लाकडी घोड्यांवर उभे केलेले कोरे कॅनव्हास, कागदी बशांत ओतलेले रंग, आणि प्रत्येकाच्या जागेपाशी एक रिकामा वाईनचा ग्लास. समोर एक तयार चित्र टांगलेलं होतं: तळ्याकाठी गुलाबी फुलांनी लगडलेलं झाड, उन्हाळ्याच्या तोंडाशी बंगळूरच्या रस्त्यांवर दिसतं तसं. सगळ्यांनी तेच काढायचं, वाईन पीत पीत. "तुझी आवडती गोष्ट आहे ना आई! किती दिवसांत तू ब्रश हातात धरला नाहीयेस," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा इतका फुलला होता की मला कुठे पळ काढावा ते सुचेना.

"मी दारूला हात लावणार नाही," मी उगीचच फणकारले. रागावले की हाताकडे कुणाचं लक्ष जात नाही, हे मी एव्हाना शिकले होते. "नको पिऊस. नुसता ग्लास समोर असू दे, फोटोत बरा दिसतो," ती हसून म्हणाली आणि काउंटरवर जाऊन काहीतरी सांगून आली. थोड्या वेळानं ट्रे आला. माझ्या ग्लासात गडद जांभळं काहीतरी होतं, तिच्याही ग्लासात तसंच.

शिकवणारी मुलगी गोड होती, पण शिकवणं कसलं! "टेन्शन नहीं लेने का, जो मन में आए वो करो," असं ती सांगत होती. आमच्या वेळी मनात येईल ते करायच्या आधी वर्षभर सरळ रेघा मारायला लागायच्या. मी मुलींकडून मुक्तहस्त रेघा गिरवून घेत असे. ज्या मुलीची रेघ थरथरे तिचा कागद मी परत देत असे. फळ्यावर एका फटक्यात गोल काढून दाखवला की पहिल्या बाकावरच्या मुली आ वासून बघायच्या. त्या गोलाची मला फार घमेंड होती. तो माझा होता, आणि तो गेल्याचं दुःख मी तोवर कुणाजवळ बोलले नव्हते.

आभाळ निभावलं. मोठा ब्रश, आडवे फटके, त्यात काही समजत नाही. पाणीही झालं. मग खोड आणि फांद्या आल्या. बारीक ब्रश, काळपट तपकिरी रंग, आणि खालून वर बारीक होत जाणारी रेघ. मी श्वास रोखून ब्रश टेकवला आणि हातानं दगा दिला. रेघ नागमोडी, तुटक, इकडेतिकडे उसळत वर गेली. दुसरी तशीच. मनगट दुसऱ्या हातानं धरलं तर कोपरापासून हलायला लागलं. मान न वळवताही मला कळलं की शेजारी मुलीचा ब्रश थांबलाय. ती आता बघणार होती. पुढच्या क्षणी ती विचारणार होती, आणि ती मोठी बॅग माझ्या डोळ्यांपुढे आली.

मला एकच सुचलं. डाव्या हातानं मी समोरचा ग्लास उचलला आणि अर्धा एका दमात घशाखाली उतरवला.

"आई, अगं ते..." ती काहीतरी सांगायला लागली. "राहू दे ग," मी म्हटलं, "एकदा बघू तरी लोक कशासाठी घरंदारं विकतात ते!" टेबलावरची सगळी मंडळी हसली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चव गोड होती, किंचित तुरट. आमच्याकडच्या काळ्या द्राक्षांची आठवण झाली, आणि मनात म्हटलं, वाईन तरी दुसरी कशाची असते? उरलेलीही संपवली. मग मोठ्यानं जाहीर केलं, "चढली बाई मला! हात बघा कसा नाचतोय!"

आणि मी हात सोडून दिला. कितीतरी महिने मांडीखाली, पदराखाली, पिशवीच्या बंदात कोंडून ठेवलेला हात मी चार लोकांदेखत मोकळा सोडला आणि तो हवा तसा थरथरला. कुणाला काही वाटलं नाही. समोरची एक बाई म्हणाली, "आंटी तो एकदम लाइटवेट निकली!" म्हणजे घोटभरात चढणारी. मी खोटंखोटं हसले, मग खरंच हसले. डोकं हलकं झाल्यासारखंही वाटलं. पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत असं वाटलं. त्या अर्ध्या तासाइतकी मोकळी मी त्या आजारात कधी झाले नाही, पुढेही होईन असं वाटत नाही.

मुलगी मात्र हसत नव्हती. तिनं ब्रश खाली ठेवला होता आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. मला वाटलं, आईनं चारचौघांत ताळ सोडला म्हणून तिला लाज वाटतेय. वाटू दे. लाज परवडली. मी ग्लास पुढे केला आणि म्हटलं, "अजून एक आण." ती उठली, काउंटरवर गेली, स्वतः ग्लास भरून घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "घे आई."

शेवटी शिकवणारी मुलगी सगळ्यांची चित्रं बघत आमच्यापाशी आली. माझ्यासमोर थबकून म्हणाली, "आंटी, आपकी ब्रांचेस कितनी नॅचरल हैं! बाकी सब की तो एकदम पाइप जैसी हैं." तिनं माझं चित्र सगळ्यांना उंच धरून दाखवलं. ज्या रेघेसाठी मी मुलींना कागद परत दिले, त्याच रेघेचं कौतुक चाललं होतं. खरं तर झाड वाईट नव्हतं. ते कुणा दुसऱ्यानंच काढलेलं होतं एवढंच, आणि यापुढे माझ्या हातून तोच दुसरा काढणार होता. मला तिथे टेबलावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं.

परतताना रिक्षात मी ओला कॅनव्हास मांडीवर धरून बसले होते. सिग्नलला गाड्यांची ही रांग. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "स्वल्प लेट आगत्ते, अम्मा." थोडा उशीर होणार म्हणे. मी झिंगल्याचं नाटक चालूच ठेवलं होतं, मध्येच काहीतरी बडबडत होते. मुलीनं माझा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या हातांतही तो थरथरतच राहिला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"कधीपासून म्हणजे? आत्ताच तर प्यायले तुझ्यासमोर. उतरेल सकाळपर्यंत."

"आई," ती म्हणाली, "तुझ्या ग्लासात वाईन नव्हती. तू पिणार नाहीस म्हणून मी त्यांना ग्रेप ज्यूस द्यायला सांगितलं होतं. दोन्ही वेळा ज्यूसच होता."

सिग्नल सुटला. रिक्षा हलली. मी बाहेर बघत राहिले, कारण तिच्याकडे बघायची सोय उरली नव्हती. जन्म द्राक्षांच्या मुलखात गेला, दर उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या गच्चीवर बेदाणे वाळताना बघितले, आणि मला द्राक्षाचा रस ओळखता आला नाही. वाईन कशी लागते हेच माहीत नसलेल्या बाईनं वाईनचं नाव पुढे केलं आणि तिचं पितळ लेकीसमोर उघडं पडलं. वर डोकं हलकं झालं म्हणे! आणि दुसरा ग्लास आणताना तिला सगळं कळलेलं होतं. तरी चारचौघांत मला उघडं पाडायला नको म्हणून तिनं तो आणून दिला होता.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. मग भांडलेही. "हे बघ, गोळ्या चालू आहेत, मी धडधाकट आहे, कामवाली ठेवीन, शेजारी आहेत, तू जायचंस म्हणजे जायचंस." ती ऐकत होती. मी शपथ घालायला निघाले तेव्हा तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, तू दमलीयेस. जेवून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर हॉलमध्ये सोफ्यावर जाड कोटांचा ढीग पडला होता. लोकरीचे मोजे, मफलर, सगळं बाहेर. नव्या बॅगेत तिचे साधे सुती कपडे, लॅपटॉपची वायर, माझ्या गोळ्यांचा डबा आणि सगळ्यात वर टॉवेलात गुंडाळलेलं ते गुलाबी झाड. मी विचारलं, "कुठं निघालीस?" ती बॅगेची चेन ओढत म्हणाली, "तुझ्याबरोबर. सांगलीला." तोंड वर करून तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता ती इथेच असते. पुढच्या खोलीत बसून दिवसभर बंगळूरच्या माणसांशी इंग्रजीत बोलते, मध्येच येऊन माझ्या ब्लाऊजचे हुक लावून देते. आयत्या वेळी तिच्या जागी दुसरा कुणी जर्मनीला गेला, असं एकदा फोनवर बोलताना माझ्या कानावर पडलं. ती ते मला सांगणार नाही, आणि मी विचारणार नाही. मोठी बॅग माळ्यावर गेली, तिच्यात आमच्या जुन्या रजया भरल्यात. चित्र तिनं हौसेनं भिंतीवर लावलंय. येणारेजाणारे फांद्यांचं कौतुक करतात, आणि माझ्या मनात दर वेळी तेच येतं: त्या ग्लासात खरी वाईन असती, तर माझी पोरगी आज जर्मनीत असती.