अब्बांचा रोजा

विशीत मी मौलवीसाहेबांकडे वर्षभर दीनाचे, म्हणजे धर्माचे, धडे घेतले आणि सगळा मोहल्ला सुधारायची जबाबदारी आता आपल्यावरच आली, असं मला वाटू लागलं. नमाजाआधी हातपाय धुताना कुणाचा वजू चुकला, कुणाची टोपी राहिली, यावर माझी बारीक नजर. स्वभाव मुळातच तापट, त्यात हे अर्धवट ज्ञान.

आम्ही भिवापूरकडचे विणकर. नागपुरात येऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात वऱ्हाडीच चालायची. अब्बा आणि मी एका कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर बसायचो. आणखी चार विणकर होते, त्यातले दोघे कोष्टी. सूत तुटलं की विणकर त्याचं टोक जिभेवर ओलं करतो आणि सांधतो. हात आपोआप तोंडाकडे जातो. सुताला तांदळाची खळ असते, त्यामुळे जिभेला पेजेची चव लागते.

त्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला होता. नागपूरचा मे काय असतो ते सांगायला नको. भर दुपारी अब्बांचं सूत तुटलं आणि त्यांनी टोक तोंडात धरलं. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "अब्बा, काय करून राहिले? खळ पोटात गेली. तुटला तुमचा रोजा!"

अब्बांनी सूत हळूच बाहेर काढलं. "ध्यानातच नाही राहिलं," एवढंच म्हणाले.

"बापाले असं बोलतेत काय गा?" म्हातारे कोष्टीकाका मला म्हणाले. मी त्यांनाही उडवून लावलं.

अब्बांनी दिवसभर पाण्याला हात लावला नाही. संध्याकाळी मात्र रोजा सोडायला ते मशिदीत आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. शेवटी अम्मीनं सांगितलं, "तीस वर्षं असंच सूत तोंडात घेतलं, आता सारेच रोजे वाया गेले काय, म्हणतेत. रोजेदारांत कोणत्या तोंडानं बसू, म्हणतेत." मला वाईट वाटलं, पण थोडंसंच. नियम तो नियम, असं मी मनाला बजावलं.

चौथ्या दिवशी माझं सूत तुटलं. गाठ मारून झाल्यावर जिभेवर पेजेची चव जाणवली. माग तसाच सोडून मी मौलवीसाहेबांकडे धावलो. आवाज अगदी गरीब गाईसारखा.

ते हसले. "विसरून तोंडात गेलं ना? मग रोजा तुटत नाही. अल्लाहनंच घास भरवला असं समजायचं. हे शिकवलं होतं तुला, तेव्हा लक्ष कुठं होतं?"

मी खूश होऊन निघालो. अर्धा रस्ता कापल्यावर मला अब्बा आठवले. तोवर आठवलेच नव्हते! बापासाठी माझ्याकडे निकाल तयार होता, आणि स्वतःसाठी मी सवलत मागायला अनवाणी पळालो होतो. नफ्स, म्हणजे माणसाच्या आत बसलेला तो आपमतलबी मी, याबद्दल मी लोकांना भरपूर ऐकवलं होतं. त्या उन्हात तो पहिल्यांदा मला दिसला आणि माझी मलाच लाज वाटली.

अपमान चारचौघांत केला होता, तेव्हा माफीही तिथंच मागायची होती. मी त्याच चौघांसमोर अब्बांच्या मागापाशी उभा राहिलो. "अब्बा, मी चुकलो. मघाशी माह्याच तोंडात सूत गेलं..."

अब्बांचे हात थांबले. चेहरा काळजीनं उतरला. "मंग तुहा रोजा? शाबूत आहे ना, बेटा?"

तीस वर्षांच्या रोज्यांचा घोर चार दिवस उरावर घेऊन बसलेला तो माणूस आधी माझा एक रोजा विचारत होता. "आहे, अब्बा. तुमचेही सारे आहेत," मी म्हणालो आणि लहान लेकरासारखा रडलो.

आजही नमाजनंतर शुक्र अदा करायला हात उचलले, की आधी हा बाप दिल्याबद्दल मी अल्लाहचे आभार मानतो. बाकीचं सगळं त्यानंतर.