अंडं का गोटा

जोतीराम घार्गे हा माणूस जन्मात फार बोलला नाही. बोलला तो बहुतेक वेळा एकच शब्द, आणि तोही ऐकणाऱ्याला नको असायचा. तो शब्द म्हणजे "गोटा".

सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या लॅबमध्ये, तो बत्तीस वर्षं अटेंडंट होता. कपाटं पुसायची, दगडांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, प्रॅक्टिकलला ॲसिडच्या बाटल्या मांडायच्या, पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांचे तुकडे गोळा करायचे. प्राध्यापक आले, बदलून गेले, निवृत्त झाले. दगड आणि जोतीराम तेवढे जागचे हलले नाहीत. मग टीव्हीवर डायनासोर आले आणि लोकांना शेतात अंडी सापडायला लागली. कुणी विहीर खणताना, कुणी जेसीबीनं बांध काढताना. माणसं गोल दगड घेऊन कॉलेजात यायची. सरांना मीटिंग असायची. सर म्हणायचे, "जोतीरामला दाखवा." जोतीराम बघायचा आणि म्हणायचा, "गोटा." पुढं पुढं तर तो दगड हातातही घेईना. माणूस दारात उभा असतानाच सांगून मोकळा व्हायचा. आपली नजर एवढी बसलीय, याचा त्याला मनातून अभिमानच होता.

निवृत्त झाल्यावर तो साताऱ्याकडं, औंधच्या खालच्या अंगाला आपल्या गावी आला. वाटलं, सुटलो. कसलं काय! औंधला यमाई देवीच्या दर्शनाला आलेली माणसं वाट वाकडी करून त्याच्या अंगणात यायला लागली, पिशवीत नारळाबरोबर दगड. बायको मंगल म्हणायची, "देवीपेक्षा तुमच्याकडंच गर्दी हाय. बडवा ठेवूया का एखादा?"

एकदा विट्याकडचा बाळासो नावाचा गृहस्थ मोटरसायकलवर आला. मागं बायको, तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला दगड. गोधडी कशाला, तर ऊब मिळावी म्हणून.

जोतीराम म्हणाला, "साडेसहा कोटी वर्सं गार पडलंय म्हना. आता ऊब दिऊन काय व्हनार?"

"म्हंजे अंडं हाय?" बाळासोचे डोळे चमकले.

"गोटा हाय." जोतीरामनं नखानं दगडाची खपली काढली. खाली दुसरी खपली, तिच्याखाली तिसरी. "अंड्याला टरफल एकच असतंय, बांगडीच्या काचंएवढं. ह्याला कांद्यागत सात हायती. आपला काळा कातळ ऊनपावसानं सुटतो तवा असाच गोल गोल सुटतो."

बाळासोची बायको दगडाकडं बघत राहिली. तीस किलोमीटर मांडीवर आणला होता तिनं. मंगलनं तिला चहा दिला आणि गोधडी झटकून घडी करून दिली.

अंड्यासारखे दिसणारे दगड तसे तीन जातींचे. एक हा कांद्याचा. दुसरा चुनखडीचा, माळावर मातीतल्या मातीत चुना साकळून झालेला. तो फोडला की आतबाहेर सारखाच, ना टरफल ना बलक. तिसरा पोकळ. लाव्हा निवताना त्यात हवेचा बुडबुडा अडकतो, पुढं त्या पोकळीत गारेचे, म्हणजे स्फटिकाचे, काटे वाढतात, आणि कातळ झिजला की तो बुडबुडा अख्खाच्या अख्खा गोटा होऊन बाहेर पडतो. खरं अंडं या तिन्हीत बसत नाही. त्याच्या टरफलाला भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात, आतल्या पिल्लानं श्वास घ्यायची. अशी अंडी गुजरातेत मिळतात, मध्य प्रदेशात मिळतात, चंद्रपूरकडं मिळतात. साताऱ्या-सांगलीत मिळत नाहीत, कारण इथं खाली सगळा लाव्हा. उकळत्या रसात अंडं घालायला कुठला प्राणी येईल? एवढं साधं आहे. पण हे साधं लोकांना आवडत नाही.

गेल्या माघात सकाळी दहाच्या सुमाराला अंगणात एक बोलेरो थांबली. आतनं माण तालुक्यातल्या एका वाडीचा सरपंच दिग्विजय उतरला, आणि त्याच्या मागून सुलाबाई. सुलाबाई साठीपलीकडची, धनगराची बाई, उंच, काटक, कपाळावर कुंकू नाही. दगड तिच्या लुगड्याच्या ओट्यात होता. नारळाएवढा, फिकट पांढुरका, असा गोल की जोतीरामच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. एका जागी टवका उडाला होता आणि तिथं सरळसरळ टरफल दिसत होतं.

"सर, आता तुमी फक्त व्हय म्हना," दिग्विजय म्हणाला. "फ्लेक्स छापून तयार हाय. 'डायनासोर नगरीत आपले सहर्ष स्वागत.' पर्यटनाला अर्ज टाकलाय. आमच्या वाडीला डांबरी रस्ता ह्या अंड्यावरच यायचा हाय."

"सरपंच, तुमी जरा देवीचं दर्शन करून या," सुलाबाई म्हणाली. "तवर दगूड कुठं पळत न्हाई."

दिग्विजय गेला. त्यालाही देवीपुढं काही मागायचं होतंच. सुलाबाई ओट्यातला दगड सोडेना. उभ्या उभ्याच बोलली.

"दादा, त्यास्नी अंडं पायजे. मला गोटा पायजे. पर खोटं नगं. खरा असंल तरच गोटा म्हना."

जोतीरामला असं गिऱ्हाईक आजवर भेटलं नव्हतं. त्यानं तिला बसायला सांगितलं, आणि ती दगडासकट बसली.

तिची गोष्ट लांब नव्हती. लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा तिचा नवरा धुळा आठ महिने घराबाहेर होता. परत आला आणि म्हणाला, सांगलीकडं जत तालुक्यात विहिरी खोदायच्या टोळीवर होतो. हा दगड साठ फूट खाली लागला, लय गोल वाटला, तुझ्यासाठी आणला. पण तो यायच्या आधीच जाऊबाई अंबूबाईनं वाडीभर सांगून ठेवलं होतं की धुळा जतला नव्हताच, तो चंद्रपूरला कोळशाच्या खाणीवर होता आणि तिथं त्यानं एक बाई ठेवली होती. सुलाबाईनं विचारलं. धुळा म्हणाला, "न्हाई गं." बस, तेवढंच. पुन्हा त्या विषयावर तो बोलला नाही. तिनंही मग अर्धं मानलं, अर्धं सोडलं आणि संसार केला. पुढं पोरं मोठी झाली, मोबाइल आले, आणि एक दिवस अंबूबाईच्या नातवानं मोबाइलवर फोटो दाखवला: चंद्रपूरकडं सापडलेली डायनासोरची अंडी. डिट्टो हाच दगड. अंबूबाई म्हणाली, "घे. आता तर दगूडबी बोलला."

"त्या दिवसापास्नं मी त्याच्या ताटात भाकरी वाढली, पर शेजारी बसून खाल्ली न्हाई," सुलाबाई म्हणाली. "दोन वर्सं झाली गेला त्याला. आता सांगा. अंडं असंल तर चंद्रपूरचं, आन त्यो खोटा. विहिरीतला गोटा असंल तर त्यो खरा."

जोतीरामनं भिंग काढलं. दगड पहिल्यांदा दोन्ही हातांनी घेतला. पांढऱ्या सालीवर भिंगाखाली बारीक बारीक ठिपके दिसत होते. छिद्रं म्हणा, खड्डे म्हणा. त्यानं घरातनं बाटली आणली आणि काचेच्या कांडीनं ॲसिडचा एक थेंब टवक्यावर सोडला. थेंब चर्रर्र करून फसफसला.

"उकळी फुटली की!" सुलाबाई पुढं वाकली. "म्हंजे?"

"म्हंजे चुना हाय."

"अंड्याला चुना असतो?"

"असतो."

सुलाबाईचा चेहरा पडला.

"भित्तीलाबी असतो," जोतीराम घाईनं म्हणाला. "चुन्यावरनं काय ठरत न्हाई. थांबा जरा."

मंगल चहा घेऊन आली, दोघांची तोंडं बघितली, आणि चहा तसाच ठेवून दारात उभी राहिली.

जोतीरामनं चाकूच्या टोकानं पांढरी साल खरवडायला घेतली. ती एकसारखी नव्हती. कुठं कागदाएवढी, कुठं रुपयाएवढी जाड. अंड्याचं टरफल असं मनाला येईल तसं जाड-बारीक नसतं. हे त्याला कळलं, पण एवढ्यावर तो बोलला नाही. बत्तीस वर्षांत जेवढं बघितलं नव्हतं तेवढं तो त्या दिवशी बघत होता. साल निघाली, तिच्याखाली हिरवट पापुद्रा लागला. त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. थेंब नुसता बसून राहिला, हूं की चूं नाही.

तेवढ्यात दिग्विजय प्रसाद घेऊन परत आला. "झालं का सर?"

"फोडावा लागंल," जोतीराम म्हणाला.

"आवं, काय बोलताय? अंडं फोडल्यावर दाखवायचं काय? आमलेट?"

"माझ्या नवऱ्यानं मला दिलंय," सुलाबाई म्हणाली. "ग्रामपंचायतीला न्हाई. फोडा दादा."

जोतीरामनं पोतं अंथरलं. दगडाच्या पोटाभोवती खडूनं रेघ ओढली आणि त्या रेघेवर छिन्नी फिरवत हळूहळू ठोकत गेला. तीन फेरे झाले. चौथ्या फेऱ्याला आवाज बदलला आणि दगडाचे दोन वाडगे झाले. आत पांढऱ्याशुभ्र गारेचे सुईसारखे काटे होते, भिंतीपासून मधोमध वाढत आलेले. ऊन पडल्यावर सगळं अंगण बघत राहिलं.

"बघा, हिरं निगालं!" दिग्विजय म्हणाला.

जोतीराम काट्यांकडं बघत नव्हता. खऱ्या अंड्याच्या पोटातही कधीमधी खडे वाढतात, हे त्याला ठाऊक होतं. तो फुटलेली कड बघत होता. भिंग डोळ्याला लावून त्यानं कड पुरी फिरवून बघितली, मग दुसऱ्या वाडग्याची. बाहेर चुन्याचा लेप, विहिरीच्या झऱ्यातला साचलेला. त्याखाली हिरवा पापुद्रा, लाव्हातल्या बुडबुड्याला असतो तसा. टरफलात असतात तसल्या श्वासाच्या नळ्या कुठंच नाहीत. आणि बुडाला, चुन्याखाली दडलेला, बोटाएवढा काळा कातळ घट्ट चिकटलेला. लाव्हा. त्यानं भिंग खाली ठेवलं.

"गोटा हाय," तो म्हणाला. "शंभर टक्के. काळ्या कातळातला पोकळ गोटा. अंड्याचा संबंध न्हाई."

दिग्विजय मटकन पायरीवर बसला. "आन फ्लेक्सचं काय करू?" असं त्यानं विचारलं, पण कुणाला विचारलं ते कुणालाच कळलं नाही, त्यालाही नाही.

सुलाबाई दोन्ही वाडग्यांकडं बघत होती. मग म्हणाली, "तवाबी तुमी ह्येच म्हनला हुतासा."

"कवा?"

"आलता की त्यो तुमच्याकडं. इश्रामबागंला. अंबूबाईनं फोटू दाखवला त्याच्या दुसऱ्याच दिशी. तीन यष्ट्या बदलून गेला हुता. माझी खात्री पटावी म्हनून. सांजंला घरी आला, म्हनला, सायेब म्हनलं गोटा हाय. मी इचारलं, कशावरनं म्हनलं? भिंग लावलं? फोडला? त्यो म्हनला, न्हाई, हातात न्हाई घेतला, दारातनंच म्हनलं. मी म्हनलं, हातात न घेता कुनी सांगतंय व्हय? आजून एक थाप. त्यावर त्यो गप बसला."

जोतीरामनं आठवून बघितलं. दारात उभी राहिलेली शेकडो माणसं, शेकडो पिशव्या. कुणी फेट्यातलं होतं, कुणी टोपीतलं. धुळा नावाचा धनगर त्यात कुठला, त्याला काही केल्या आठवेना. त्या दिवशी दगड हातात घेऊन बघायला पाच मिनिटं लागली असती. दगड बरोबर ओळखला होता आणि तरीही चूक त्याचीच होती, हे त्याला लख्ख कळलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "हातात घ्यायला पायजे हुता."

सुलाबाईनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तिचं दुसरंच चाललं होतं. तिनं मान वर केली आणि विचारलं, "म्हंजे दादा, त्यो खरं बोलला हुता?"

आता इथं अडचण होती. दगड एवढंच सांगत होता की तो अंडं नाही. धुळा ते आठ महिने जतला होता की चंद्रपूरला, बाई होती की नव्हती, हे दगडाला माहीत नव्हतं. काळा कातळ काय, निम्म्याहून जास्त महाराष्ट्राच्या पायाखाली आहे. दगड सांगतो त्याच्यापुढं एक शब्द बोलायचा नाही, ही जोतीरामची बत्तीस वर्षांची शिस्त. त्यानं मंगलकडं बघितलं. मंगलनं पदर तोंडाला लावला होता.

"व्हय," जोतीराम म्हणाला. "खरं बोलला हुता."

सुलाबाईनं दोन्ही वाडगे उचलून एकमेकांवर बसवले. दगड पुन्हा गोल झाला. तो तिनं ओट्यात घेतला, वरून पदर ओढला, आणि मग ती जी रडायला लागली ती मोठ्यानं, सरपंचादेखत, अंगण दणाणून सोडत. मंगल धावली. तिला जवळ घ्यायला गेली तर सुलाबाई तिचा हात झिडकारून ओट्यातल्या दगडावरच ओरडली:

"आरं, खरं हुतास तर भांडायचं हुतंस की माझ्याशी, मुडद्या!"