माळावर वस्तीला

मुक्कामाची जागा पक्की करण्यापूर्वी कीमनमामा स्वतः तिच्यावर आडवे होत. पांढरा लेंगा, पांढरी टोपी आणि सत्तरीकडे झुकलेले वय यांची पर्वा न करता ते माळावर उताणे पडत, कूस बदलत, उठून चार पावले पुढे जात आणि पुन्हा पडत. मुले भोवती उभी राहून निकालाची वाट पाहत. "हितं न्हाय, खडा टोचतोय." "हितं बी न्हाय, मुंग्यांचा बाजार भरलाय." तिसऱ्या-चौथ्या खेपेस ते डोळे मिटून निश्चल पडून राहत. मग मुले पाठीवरची पिशवी उतरवीत. आधी आपण निजून बघायचे, मग लेकरांना निजवायचे, असा त्यांचा नियम होता.

मामा रेल्वेत कीमन होते. रुळांच्या चाव्या ठोकीत त्यांनी होटगीच्या बाजूला सारी नोकरी पायी केली आणि निवृत्तीनंतर ते सोलापुरात आमच्या वसाहतीत मुलीकडे राहावयास आले. दर हिवाळ्यात दोन-तीनदा ते वसाहतीतील आठ-दहा मुलांना होटगीपलीकडच्या माळावर एका मुक्कामासाठी नेत. तेथे तंबू नव्हता, नळ नव्हता, कुंपण नव्हते. माळाच्या मालकाला मात्र आदल्या दिवशी जाऊन विचारलेले असे. 'कॅम्प' हा शब्द त्यांना मंजूर नव्हता. "कॅम्प पोलिसांचा असतोय. आपण वस्तीला चाललोय," असे ते मुलांना बजावीत.

माझी नात सई प्रथम निघाली तेव्हा मी सोबत न्यावयाच्या एकवीस वस्तूंची यादी करून मामांच्या हाती दिली. मी मुख्याध्यापक होतो. याद्या करणे हा माझा धर्म होता. मामांनी ती आदराने वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. "सर, लई झ्याक यादी. चूल पेटवायला हुईल." सईच्या पिशवीत अखेर एक चादर, एक ताटली, पाण्याची बाटली आणि कडक भाकरीसोबत शेंगाचटणी एवढेच उरले.

पालकांचा मुख्य आक्षेप शौचालयाचा होता. मामा प्रत्येक मुलाला खुरप्याने खड्डा घेण्यास व तो बुजविण्यास शिकवीत. एका आईने त्यांना याविषयी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ताई, मांजराला जे जमतंय ते आपल्या लेकराला जमू नये व्हय?" ताईंनी पुन्हा विचारले नाही, परंतु विषय मिटलाही नाही.

तीन वर्षांपूर्वी पालकांची सभा भरली. मुलांना माळाऐवजी एखाद्या हुरड्याच्या केंद्रावर न्यावे, तेथे झोपाळे, स्नानगृह व रखवालदार असतो, अशी सूचना आली. वाद वाढला. शेवटी मी एकदा सोबत जावे, पाहावे आणि माझा निर्णय सर्वांनी मानावा, असे ठरले. मामा सभेत एवढेच म्हणाले, "सर न्हाय म्हनले तर न्हाय." संध्याकाळी मात्र ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटले तरी आले नाहीत. "सर, पैसा न्हाय, शिक्षण न्हाय. पोरांस्नी द्यायला माज्याजवळ ह्येवडंच हाय," असे म्हणून ते जिना उतरले.

सईने विचारले, "आजोबा, तुम्ही हो म्हणाल ना?"

मी म्हणालो, "पाहू."

आमच्या घरात 'पाहू'चा अर्थ नाही असा होतो. सईला तो माहीत होता. माझा निर्णय झालेला होता. मी केवळ कारणे गोळा करण्यास गेलो.

माळावर पोहोचताच मामांनी पहिला पाठ घेतला. मुले चहूकडे पांगली. मामांनी हाक दिली, "कुंद्र!" कानडीत याचा अर्थ 'बस'. त्यांची पत्नी अक्कलकोटकडची. घरात हुकूम कानडीतूनच सुटत. मुले जेथे होती तेथे खाली बसली. "वाट चुकली की काय करायचं?" मामांनी विचारले. "कुंद्र!" मुले ओरडली. "बसलेलं माणूस घावतंय. चालणारं घावत न्हाय." चौतीस वर्षे वर्गावर्गांतून मी 'खाली बसा' म्हटले आहे. असा परिणाम मला कधी दिसला नव्हता.

पहाटे उठण्याची माझी जुनी सवय आहे. उजाडता उजाडता मी पाण्याची बाटली व खुरपे घेऊन एकटाच निघालो. परतताना धुके उतरले. माळावर झाड नाही, घर नाही; चारही दिशा एकसारख्या पांढऱ्या झाल्या. मी अंदाजाने चाललो. अंदाज चुकला म्हणून वळलो आणि अधिक वेगाने चाललो. काही वेळाने ताटल्या वाजल्याचा आवाज आला. तो आधी डावीकडून आला, मग पाठीमागून. मी ओ दिली आणि पुन्हा चालू लागलो.

तेवढ्यात सईचा आवाज आला. "आजोबा! कुंद्र!"

मी उभाच होतो.

"आजोबा, चालू नका! कुंद्र म्हणते ना!"

मी ओल्या गवतात बसलो आणि ओ देत राहिलो. थोड्या वेळाने धुक्यातून सई आली. तिच्यामागे एक दोर धरून इतर मुले ओळीने येत होती. दोराचे दुसरे टोक मुक्कामावर मामांच्या मुठीत होते. एकही मूल हसत नव्हते. त्यांनी मला ओळीच्या मध्यभागी घेतले आणि परत नेले.

मामांनी माझ्या हातात चहा दिला. मग सईकडे वळून ते गंभीरपणे म्हणाले, "बाय, मोठ्या मानसाला कुंद्र म्हनू नये. कुंद्री म्हनावं." दोर गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे न पाहता त्यांनी पुस्ती जोडली, "पोरं हरवत न्हाईत, सर. त्यास्नी थांबायला येतंय." निघताना त्यांनी मुलांना बजावले, "घरी सांगू नका रं. सरांस्नी सभेत बोलायचं हाय."

सभेत मी दोन वाक्ये बोललो. मुले सुरक्षित आहेत. मामांचा उपक्रम चालू ठेवावा. कारण कोणी विचारले नाही. मामा मागच्या रांगेत टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांनी ती डोक्यावर ठेवली आणि उठून गेले. त्यानंतर दोन हिवाळे मुले वस्तीला गेली. माळावरील ती सकाळ मुलांनी कोणालाही सांगितली नाही. मी आज प्रथमच लिहीत आहे.

गेल्या श्रावणात मामा गेले. झोपेतच गेले.

दिवाळीनंतर पालकांची पुन्हा सभा झाली. मामा नाहीत, तेव्हा हुरड्याच्या केंद्राचाच विचार करावा, असे काहींनी मांडले. मी उठलो. मुले माळावरच जातील, सोबत दोन पालक येतील, आणि मीही जाईन, असे सांगितले.

"सर, या वयात तुम्ही मुलांना माळावर नेणार?" एकाने विचारले.

"मी नेणार नाही," मी म्हणालो. "मुले मला नेतील."

सभा हसली. मी विनोद करीत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत कळावयास हवे होते. दाराशी उभी असलेली मुले हसली नाहीत.