फॉरवर्ड केलेली माफी

दुपारी एकच्या सुमाराला, दोन्ही हात प्लास्टरने माखलेले असताना, दातवालीच्या फोनवर माफी येऊन पडली. मोठ्या जावेने पाठवलेली. 'आम्ही दोघं हजला निघालो आहोत. आजवर कळत-नकळत आमच्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने माफ करावं.' खाली गुलाबांचा गुच्छ आणि दुआसाठी उचललेले दोन हात. वर मात्र बारीक अक्षरात 'फॉरवर्डेड' असा शिक्का. म्हणजे माफीसुद्धा बाईंची स्वतःची नव्हती. हजला जाताना दुसऱ्याच कुणी लिहिलेली, यांनी पुढे ढकलली होती.

घरच्या ग्रुपवर एकेचाळीस माणसं. सगळ्यांची उत्तरं धडाधड येत होती. 'माफ', 'माफच माफ', 'आमच्यासाठी दुआ करा'. एकाने तर 'तुमचं कधी काही चुकलंच नाही' असं लिहून टाकलं. त्याच्या बापाचं काय जात होतं? दातवालीने हात फडक्याला पुसले, एका बोटाने 'नाही' एवढंच लिहिलं आणि फोन पालथा घालून कामाला लागली.

दातवाली हे पोरांनी पाडलेलं नाव, पुढे मोठ्यांच्याही तोंडी बसलं. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती तेवीस वर्षं कवळ्या बनवत होती. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणाची हिरडी करायची, तीत एकेक दात बसवून बघायची, मग गुलाबी हिरडी ओतून, घासून, चकचकीत करून द्यायची. हात सोन्यासारखा, जीभ सुरीसारखी. नव्या कवळीचा पेशंट 'टोचते हो' म्हणत आला की डॉक्टर त्याला मागच्या खोलीत पाठवायचे, आणि ही त्याच्यावर डाफरायची. 'टोचते म्हणजे कुठे? बोट ठेवा.' माणूस म्हणायचा, 'सगळीकडेच.' मग तर तिचं डोकंच फिरायचं. सगळीकडून थोडंथोडं घासलं तर कवळी ढिली होते आणि टोचायची ती टोचतच राहते. नेमकी जागा सापडेपर्यंत ती कानस हातात घेत नसे.

नमाज तिने कधी सोडली नाही. वजू, म्हणजे नमाजाआधीचं हात-तोंड-पाय धुणं, करण्याआधी मेण कापायच्या सुरीने दहाही नखांखालचं प्लास्टर टोकरून काढायची, कारण नखापर्यंत पाणी पोचलं नाही तर वजू होत नाही. मग कपाट आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत मुसल्ला अंथरायची. पण सज्द्यात कपाळ टेकवलं की अल्लाहच्या आधी तिला जाऊ आठवायची, आणि अंगाची लाही लाही व्हायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

आता हे 'नाही' कुठून आलं ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी सगळे एकाच घरात होते. थोरली जाऊ, तिचा नवरा आणि सासू वरच्या मजल्यावर, ही, हिचा नवरा आणि मुलगी खाली. सासूची कवळी अर्थातच हिने केली होती. अम्मी गच्चीत उभ्या राहून अख्खं सफरचंद करकर खायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, "धाकटीने केलेत दात." थोरलीने वीस वर्षं त्यांची दुखणीखुपणी काढली, कवळी नव्हती तेव्हा घास मऊ करून भरवले, पण तिचं नाव काही गच्चीत गेलं नाही. जावेची एवढी बाजू खरी आहे. ती मान्य करायला हवी, दातवालीलाही ती मान्य होती.

मग दातवालीचा नवरा गेला. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरातच काढायचे, ती इद्दत. पण घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. तिने मौलानांना निरोप धाडून विचारलं. ते म्हणाले, पोटासाठी दिवसाउजेडी जा आणि मावळायच्या आत घरी ये. ती तेवढंच करायची. दवाखान्याचे म्हातारे कंपाउंडर गाडी घेऊन यायचे, काम झालं की आणून सोडायचे. एकदा तिला ताप होता, तेव्हा घरी घासायला आणलेल्या कवळ्यांचा डबा जावेनेच खाली जाऊन त्यांच्या हातात दिला होता. म्हणजे गाडी कुणाची, माणूस कोण, काम कसलं, सगळं तिला ठाऊक होतं.

आणि त्यानंतर आठच दिवसांनी तिने अम्मींच्या खोलीत, नवऱ्यासमोर आणि दोन्ही नणंदांसमोर सांगितलं, "धाकटी नटूनथटून कुणाच्या तरी गाडीत बसून जाते. इद्दत काय नि काय." बाईमाणसावर असला आळ घेणं किती मोठं पाप आहे ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. तरी एकानेही पुरावा मागितला नाही. त्याच संध्याकाळी कवळी खाली आली. धुतलेली, रुमालात गुंडाळलेली, डब्यात घातलेली. सोबत निरोप होता, या हातचे दात माझ्या तोंडात नकोत.

पुढे दीड वर्ष अम्मी सगळं कुस्करून खात राहिल्या. त्या दीड वर्षात हिच्याशी शब्द बोलल्या नाहीत. शेवटच्या दुखण्यात ही भेटायला वर गेली तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या गेल्या, तेव्हा मय्यतीला आंघोळ घालायला ही पुढे झाली. दारात जाऊ उभी होती. "हात पुरेत," म्हणाली. त्या महिन्यात दातवाली मुलीला घेऊन दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेली. कवळीचा डबा तेवढा दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात राहिला.

तर त्या 'नाही'नंतर फोनचा नुसता भडिमार झाला. नणंदा रडल्या, भाचे उपदेश करून गेले. मोठ्या दिरांचा, म्हणजे भाईजानचा आवाज चढला. "अल्लाह आपला हक्क माफ करेल, पण माणसाचा हक्क माणसानेच माफ करायला हवा, हे तुला माहीत आहे. दहा दिवसांवर विमान आहे. तिला झोप नाही."

"मला नऊ वर्षं नव्हती," दातवाली म्हणाली आणि फोन ठेवला.

मुलगी कॉलेजात शिकत होती. तिने बाजूला बसून समजावलं. "मम्मी, माफ करणाऱ्याला अल्लाह जास्त देतो."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग मला जास्त नको."

बोलली आणि तिने जीभ चावली. तौबा तौबा केली. पण बोललेलं मागे घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी जाऊ स्वतः दवाखान्यात आली, मिठाईचा डबा घेऊन. मागच्या खोलीत पेशंटच्या स्टुलावर बसली, धापा टाकत, कारण वजन बरंच होतं आणि राग त्याहून जास्त.

"झालं गेलं विसर ग आता. कळत-नकळत काही बोलले असेन तर..."

"भाभी, कळत की नकळत?"

"म्हणजे?"

"तुम्ही दोन्ही लिहिलंय. तुमचं त्यातलं कोणतं?"

जावेने पदराने मान पुसली. "तेव्हा माझेही कान कुणीतरी भरले असतील. आता काय आठवतंय?"

दातवालीने खण उघडून जुना डबा टेबलावर ठेवला. उघडला नाही. जावेने तो बरोबर ओळखला, कारण तिने स्टूल मागे सरकवलं.

"इथे माणसं येतात, टोचतं म्हणतात. मी बोट ठेवायला सांगते. तुम्हीही बोट ठेवा, भाभी. काय बोललात, कुणासमोर बोललात, आणि ते खोटं आहे हे बोलताना माहीत होतं की नव्हतं. त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर सांगा. मग माझ्याकडे मागा."

"नवऱ्यासमोर? नणंदांसमोर? या वयात माझी अब्रू काढतेस?"

"माझी काढलीत तेव्हा माझं वय काय होतं?"

जाऊ उठली. "तू कोण लागून गेलीस? अल्लाहच्या घरी जाणाऱ्याची वाट अडवतेस."

"मी कुठे अडवली? तिकीट तुमचं, विमान तुमचं. खुशाल जा. माझ्या दारात तुम्ही आलात."

जाऊ पाय आपटत गेली. मिठाईचा डबा दातवालीने बाहेर पेशंटांना वाटून टाकला. दातांच्या दवाखान्यात मिठाई, म्हणून डॉक्टर जरा कुरकुरले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जावेचा मेसेज आला. या वेळी शिक्का नव्हता. 'पूर्वी धाकटीबद्दल आमच्या घरात काही गैरसमज झाला होता. त्याबद्दल वाईट वाटते.' खाली पुन्हा 'माफ, माफ' सुरू झालं, जणू माफी यांच्याकडेच मागितली होती. दातवालीने लिहिलं, 'गैरसमज नव्हता.' पाच मिनिटांत भाईजाननी तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या नमाजनंतर, वरच्या मजल्यावर निरोपाला माणसं जमली. दातवालीला बोलावणं नव्हतं. तरी ती गेली. जिन्यावर नणंदेने तोंड फिरवलं, आत कुणी सरकून जागा दिली नाही, म्हणून ती दाराशी उभी राहिली. तीच अम्मींची खोली. पलंग हलवला होता. तिथे आता बांधलेल्या दोन बॅगा होत्या. जाऊ कोपऱ्यात बसली होती. आठवड्याभरात चेहरा निम्मा झाला होता. दातवालीला तो बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

भाईजाननी दुआसाठी हात उचलले, तेवढ्यात जाऊ म्हणाली, "थांबा."

भिंतीला धरून उठली. कुणाकडे न बघता बोलू लागली, सावकाश, पाठ केलेलं म्हणावं तसं.

"धाकटी इद्दतीत कामाला जायची. दवाखान्याच्या गाडीतून. गाडीत म्हातारे कंपाउंडर असायचे. मी स्वतः एकदा त्यांच्या हातात कवळ्यांचा डबा दिला होता. मला सगळं माहीत होतं. तरी मी याच खोलीत अम्मींना उलटं सांगितलं. अम्मी तिचं कौतुक करायच्या म्हणून सांगितलं. नकळत नव्हतं." मग तिने दाराकडे बघितलं. "आता माफ कर."

भाईजानचे हात उचललेले होते ते तसेच राहिले. सगळे दातवालीकडे बघत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच बघत होते म्हणा ना.

"माझ्या वाटचं माफ केलं," ती म्हणाली. "खरंच केलं, भाभी. उद्या अल्लाहसमोर विचारलं तरी हेच सांगेन. पण अम्मी माझ्यापासून तुटल्या त्या तुमच्या खोट्यामुळे. दीड वर्ष कुस्करून खाल्लं, तेही त्यामुळेच. त्यांच्या वाटचं माझ्या हातात नाही. ते त्यांचं त्यांच्याकडे मागा."

जाऊ मटकन बॅगेवर बसली. नणंदेने तिला पाणी दिलं. दातवाली जिना उतरून घरी गेली. विमान दुसऱ्या दिवशी वेळेवर सुटलं.

त्या दिवशी दुपारी दातवालीने नेहमीसारखं नखांखालचं प्लास्टर काढलं, वजू केली, कपाटाआड मुसल्ला अंथरला. आज तरी डोक्यात दुसरं कुणी येणार नाही, असं तिला वाटलं होतं. सज्द्यात कपाळ टेकवलं. जाऊ खरंच आठवली नाही. अम्मी आठवल्या, भिंतीकडे तोंड केलेल्या. जाऊ खोटं बोलली होती. पण पटवून अम्मींनी घेतलं होतं. एकदा खाली हाक मारून 'खरं काय ग?' एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. आणि त्या काही आता माफी मागायला येणार नव्हत्या.

बोट नेमकं कुठे ठेवायचं ते तिला आज सापडलं होतं. अम्मींसाठी 'माफ' असा शब्द तिने मनात जुळवला आणि ओठांवर आणून बघितला. तो बाहेर येईना. बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी तिने कपाळ उचललं नाही.